सरपंचबाई घरी नाही

"सरपंचबाई घरी नाही म्हनून सांग त्याले," नानाजी म्हणाले.

विमलताईंनी तव्यावरची भाकर उलटली आणि नवऱ्याकडे पाहिलं. सरपंचबाई म्हणजे त्या स्वतःच. फाटकाशी ग्रामपंचायतीचा शिपाई गोविंदा सायकल धरून उभा होता. फाटकापासून चूल पंधरा पावलांवर, आणि मध्ये आडोसा काहीच नव्हता.

"मी घरी नाही म्हनून मीच सांगू?"

नानाजींच्या तेव्हा लक्षात आलं. ते खाटेवरून उठले, टोपी घातली आणि स्वतःच फाटकाशी गेले. "माहेरी गेली ते. कळंबले. चिंतामनीचं दर्शन घेऊन येईन. चार-आठ दिवस तरी लागतीन."

गोविंदानं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. विमलताई हातात भाकर घेऊन जागच्या जागी थांबल्या होत्या. त्यानं लगेच नजर सायकलच्या घंटीवर आणली.

"बरं जी. आल्या का सांगजा. पंचायत समितीचा कागद हाय त्यायच्या नावाचा. पोच म्हनून सही पायजे."

"कायचा कागद?"

"तोच जी. चार्ज द्याचा. तिसरा हाय आता हा."

गोविंदा गेला. नानाजींनी परत येऊन सदऱ्याची बटणं लावली, खिशात शिक्का आणि किल्ली आहे की नाही ते चाचपलं आणि न जेवताच निघून गेले. तव्यावर राहिलेली दुसरी भाकर तोवर एका बाजूनं काळी झाली होती.

निकाल लागून एकोणीस दिवस झाले होते. खैरधरा गाव आणि ओढ्यापलीकडचा तांडा मिळून एकच ग्रामपंचायत. सरपंच आजवर गावातलाच. आधी दहा वर्षं नानाजी गुल्हाने. पुढं जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा पाच वर्षं त्यांची बायको विमलताई. जागा याही खेपेला बाईचीच निघाली. नानाजींनी विमलताईंना पुन्हा उभं केलं आणि त्या अकरा मतांनी पडल्या. तांड्यावरची रंजिता आडे निवडून आली.

दुसऱ्याच दिवशी नानाजींनी कापसाच्या कोठ्याचं मोठं कुलूप काढून ग्रामपंचायतीच्या दाराला घातलं. मोजणीत घोळ आहे, म्हणाले. सांगली-कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेली तांड्यावरची पोरं रंजिताच्या माणसांनी गाडी करून आणली आणि मतं टाकून घेतली, म्हणाले. आपण कोर्टात जाऊ, निकाल लागेपर्यंत चार्ज देणार नाही. तीच पोरं मागच्या दोन निवडणुकांना नानाजींनी गाडी करून आणली होती. त्यांच्या जेवणाच्या पोळ्या विमलताईंनीच लाटल्या होत्या. त्यांना ते आठवलं.

नव्या बॉडीची पहिली सभा घ्यायला अधिकारी आले तर दाराला कुलूप. सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. तेव्हापासून रंजिता रोज समाजमंदिराच्या शेडमध्ये शाळेतून आणलेल्या टेबलाशी बसायची. शिक्का नाही, रजिस्टर नाही, दाखल्याचे कोरे कागदसुद्धा नाहीत. ती शाळकरी वहीत लोकांची नावं आणि कामं लिहून घ्यायची आणि म्हणायची, "चार्ज भेटला का पयलं तुमचंच करतो." आणि तिकडे नानाजी रोज दहा वाजता कुलूप काढून आत जायचे, दोनपर्यंत बसायचे आणि कुलूप लावून घरी यायचे.

विमलताईंच्या पाच वर्षांत त्यांनी सही तेवढी केली होती. आधी त्या नुसतं 'विमल' लिहायच्या. सचिव भगवानरावांनी त्यांना 'सौ. विमल नानाजी गुल्हाने, सरपंच' असं पुरं लिहायला शिकवलं. सचिव म्हणजे ग्रामसेवक, या भागात त्याला सचिवच म्हणतात. भगवानराव कागद घेऊन घरी यायचे. नानाजी बोटानं जागा दाखवायचे आणि विमलताई हात पुसून सही करायच्या. खुर्चीवर त्या बसल्या होत्या एकदाच, पहिल्या दिवशी, फोटोपुरत्या.

आणखी एक गोष्ट झाली होती. निवडून आल्याच्या वर्षी यवतमाळला महिला सरपंच आणि सदस्यांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. रंजिता तेव्हा साधी सदस्य होती, तीही आली होती. शिकवणाऱ्या मॅडमनी सगळ्यांच्या नवऱ्यांना सभागृहाबाहेर काढलं. नानाजी एक दिवस बाहेर झाडाखाली बसले आणि दुसऱ्या दिवशी तुरीची फवारणी राहिली म्हणून गावी परतले. मग मॅडमनी एकेकीला माइकसमोर उभं केलं. विमलताई उभ्या राहिल्या. "मी विमल नानाजी गुल्हाने. सरपंच, खैरधरा." आवाज भिंतीवर आपटून परत आला, तो आपलाच आहे हे त्यांना क्षणभर खरं वाटलं नाही. येताना एसटीत रंजिता शेजारी बसली होती. ती म्हणाली, "काकू, तुमी आता मिटिंगले येत जा. तुमी आल्या त मलेबी बोलता येईन. मी एकटी बाई असतो तथी."

"येईन," विमलताई म्हणाल्या होत्या. पाच वर्षांत त्या एकदाही गेल्या नाहीत.

आता कळंबला गेलेली बाई रस्त्यानं कशी दिसणार? म्हणून त्या दिवशी विमलताई घरामागच्या बांधावरून शेतात गेल्या. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. वेचणाऱ्या बाया पुढच्या ओळींत होत्या. विमलताई मागं एकट्याच कापूस टाकायला कमरेला कापडाची ओटी बांधून वेचत होत्या. तेवढ्यात बांधाकडून गोविंदाचा आवाज आला.

"काकू, कळंबहून कधी आल्या?"

विमलताईंनी वर पाहिलं. गोविंदाच्या चेहऱ्यावर हसण्याची एक रेघ नव्हती. त्यांनाच हसू आलं.

"आत्ताच आली."

"दर्शन झालं?"

"झालं बाप्पा. आन इकडे तो कागद."

गोविंदानं पोचवही कापसाच्या गाठोड्यावर ठेवली. विमलताईंनी पूर्ण सही केली, मग पत्र उघडून वाचायला लागल्या. सातवीपर्यंत शिकलेलं सुटलं नव्हतं, फक्त वेळ लागायचा. गोविंदा उन्हात उभा राहिला. पत्रात सगळीकडे 'आपण' होतं. आपण कार्यभार दिला नाही. आपणास दोनदा कळवले. आपल्याविरुद्ध कारवाई. नानाजींचं नाव कुठंच नव्हतं.

"शुक्रवार लिहेल हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय. विस्तार अधिकारी येनार हाय, संग पोलीस. पंचनामा करून कुलूप तोडतीन." गोविंदा खाली बसला. "काकू, तुमच्यावर जे होईन ते होईन, त्याचं पाहू. पन नानाजी आत बसून राह्यतात न. पोलीस आले आनं ते उठले नाही त?"

विमलताईंनी पत्राची घडी घातली.

"मले नोकरीवर त्यायनं लावलं," गोविंदा म्हणाला. "चौदा वर्सं झाले. त्यायले दोन्ही खाकेत हात घालून बाहेर काढतीन, सारं गाव पाहीन, तांडा पाहीन. कुलूप तोडाले हातोडा मलेच आनाले लावतीन. मले ते होनार नाही. म्हनून आलो."

"आज कोनता वार?"

"बुधवार."

बारा वाजता त्यांनी ओटी सोडली. घरी जाऊन दोन नव्या भाकरी टाकल्या, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी डब्यात घेतली आणि सरळ रस्त्यानं ग्रामपंचायतीकडे निघाल्या. ओसरीवर बसलेल्या एकदोन जणांनी त्यांच्याकडे पाहून एकमेकांकडे पाहिलं.

ग्रामपंचायतीचं दार अर्धं लोटलेलं होतं. पायऱ्यांवर त्यांच्या चपलांचा आवाज झाला तसं आत खुर्ची सरकली. विमलताईंनी फटीतून पाहिलं. नानाजी ताठ बसले होते. त्यांनी टोपी सारखी केली, समोरचं एक रजिस्टर उघडलं आणि पेन हातात घेतलं. दार ढकलून विमलताई आत आल्या.

"तू हायस होय," नानाजींनी पेन खाली ठेवलं. "मले वाटलं कोनी आलं."

विमलताईंनी टेबलावर डबा ठेवला. खोली त्यांनी नीट पाहिली. सगळं झाडलेलं होतं. कपाटावरची धूळ पुसलेली, भिंतीवरचे नेत्यांचे फोटो सरळ केलेले, पाण्याचा माठ भरलेला, त्यावर पेला उपडा. येणाऱ्या माणसांसाठी ठेवलेल्या चार खुर्च्या एका ओळीत. एकोणीस दिवसांत त्यांवर कोणी बसलं नव्हतं.

"माठ कोन भरते?"

"मीच भरतो. गोविंदा त तिकडे असते, शेडमधी." ते भाकर मोडून खाऊ लागले. भूक लागलेली होती. सकाळपासून काही नव्हतं.

"शुक्रवारी पोलीस येनार हाय," विमलताई म्हणाल्या.

नानाजींचा घास थांबला. "तुले कोनं सांगतलं?"

"पत्र माह्या नावाचं हाय. मी वाचलं."

"येऊ दे. खुर्चीसकट उचलून न्या म्हना मले." ते पुन्हा खायला लागले. मग थांबून म्हणाले, "विमल, करोनात तांड्यावरच्या शंकरसिंगाले कोनी हात लावत नव्हतं. पोरगा बादल दूर उभा राहून रडून राह्यलता. म्या माह्या गाडीत घातला त्याले आनं यवतमाळले नेला. सतरा दिवस दवाखान्याच्या बाहेर चटई टाकून झोपलो. तो शंकरसिंग जित्ता हाय आज. आनं त्याची सून रंजिता माह्याविरुद्ध उभी राह्यते?"

"तुमच्याविरुद्ध नाही. माह्याविरुद्ध उभी राह्यली ते."

नानाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना बोलण्याचा अर्थ लागला नसावा.

"एकच झालं," ते म्हणाले.

ते हात धुवायला मागच्या अंगणात गेले. टेबलावरचं रजिस्टर उघडंच होतं, सभांच्या इतिवृत्ताचं. विमलताईंनी ते स्वतःकडे ओढलं. 'आज रोजी सौ. विमल नानाजी गुल्हाने यांच्या अध्यक्षतेखाली सभा सुरू झाली.' त्यांनी पान उलटलं. 'अध्यक्षांनी विषय मांडला.' आणखी पान उलटलं. 'अध्यक्षांनी सदस्या रंजिता आडे यांच्या प्रश्नास उत्तर दिले की, तांड्याच्या पाण्याच्या लाइनचा विचार पुढील वर्षी करण्यात येईल.' प्रत्येक सभेच्या शेवटी एकच ओळ होती. 'अध्यक्षांनी सर्वांचे आभार मानून सभा संपल्याचे जाहीर केले.' खाली त्यांची सही, भगवानरावांनी शिकवलेली, पुरी.

पाच वर्षांत त्या इतकं बोलल्या होत्या. त्यांना पत्ताही नव्हता. रंजिताला नाही म्हणणारी बाईसुद्धा त्याच होत्या.

नानाजी टॉवेलला हात पुसत आले. "काय वाचून राह्यली?"

"माहं बोलनं," विमलताई म्हणाल्या आणि डबा घेऊन निघाल्या.

वाटेत समाजमंदिराची शेड लागायची. रंजिता तिथं एका म्हाताऱ्याचं काम वहीत लिहून घेत होती. विमलताईंना पाहून ती उठून उभी राहिली. गेल्या वीस दिवसांत दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. विमलताई शेडच्या कडेला थांबल्या.

"रंजिता, उद्या अकराले ये. सचिवायले घेऊन ये. चार्जची यादी करून आन म्हना."

"कोठी येऊ, काकू?"

"ग्रामपंचायतीत. आनखी कोठी?"

"नानाजी..." रंजितानं वाक्य तिथंच सोडलं.

"तू ये."

गुरुवारी सकाळी नानाजी आंघोळ करून आले तेव्हा विमलताईंनी त्यांना चहा दिला आणि समोर बसल्या.

"मी आज चार्ज देऊन राह्यली."

"तू कोन देनारी?"

"सरपंच होती न मी. कागद माह्याच नावानं येतात."

नानाजी हसले. मग बायकोच्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू गेलं. "वकील म्हने..."

"वकील काय म्हने ते मी फोन करून इचारलं. ते म्हने का केस चालत राहीन, चार्जचा न केसचा संबंध नाही. तुमालेबी हेच सांगतलं म्हने त्यायनं, पंधरा दिवसांआधी."

नानाजींनी कप खाली ठेवला.

"गावात तोंड दाखवाले जागा ठेवत नाहीस तू मले," ते हळू म्हणाले. "पंधरा वर्सं, विमल. पाह्यटे उठलो का दारात मानूस असे. कोनाचं रेशन, कोनाचं भांडन, कोनाची बाई अडली. आता कुत्रं येत नाही. मी एकदा ती खोली सोडली, का मंग सकाळी उठून जाऊ कोठी?"

या माणसाशी लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली होती आणि असा प्रश्न त्यानं त्यांना कधी विचारला नव्हता.

"उद्या पोलीस हात लावतीन तुमाले," त्या म्हणाल्या. "ते मी पाहू शकनार नाही. आनं त्या पोरीले मी पाच वर्सं नाही म्हनत आली, तेबी मले आता पाहवत नाही."

नानाजी उठले. टोपी घातली, खिसा चाचपला आणि नेहमीपेक्षा तासभर आधीच निघून गेले.

अकरा वाजता विमलताई ग्रामपंचायतीपाशी पोचल्या तेव्हा बाहेर तीसेक माणसं जमली होती. गावातली वडाच्या बाजूला, तांड्यावरची भिंतीच्या बाजूला. रंजिता, तिचा नवरा बादल आणि सासू हंसाबाई पायरीखाली उभी होती. भगवानराव यादीची फाइल छातीशी धरून मध्येच कुठंतरी. नानाजी आत खुर्चीवर होते, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. आत जायला कोणी धजत नव्हतं.

विमलताई आत गेल्या. त्यांच्यामागं गोविंदा दारापर्यंत आला. टेबलाजवळ जाऊन त्या नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"उठा जरा," त्या म्हणाल्या. "मले बसाचं हाय."

नानाजींनी मान वर केली. रंजितासाठी उठायचं नाही, सचिवासाठी नाही, पोलिसासाठी नाही, हे सगळं त्यांनी ठरवून ठेवलं असेल. बायको बसायला जागा मागेल याची त्यांनी काही तयारी केलेली नव्हती. ते गोंधळले. खुर्चीच्या हातांवरची बोटं एकदा आवळली, मग सुटली. गुडघ्यावर हात टेकत ते उठले आणि कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

विमलताई बसल्या. खुर्ची त्यांना मोठी होत होती, पाय जेमतेम टेकत होते. पदर सारखा करून त्यांनी दाराकडे पाहिलं.

"गोविंदा, सचिवायले आत बोलाव. सौ. रंजिता आडे यायले बोलाव. बाहेरचे लोक आले तरी चालन. माठात पानी हाय."

माणसं आत आली. चार खुर्च्या भरल्या, बाकीचे भिंतीला टेकले. भगवानरावांनी यादी पुढं केली आणि सवयीनं सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"थांबा," विमलताई म्हणाल्या. "मी वाचतो पयले."

त्या वाचू लागल्या. मोठ्यानं, बोट ठेवून. सभा इतिवृत्त रजिस्टर, सात. भगवानराव कपाटातून काढून टेबलावर ठेवायचे, त्या मोजायच्या, पुढची ओळ. जन्म-मृत्यू नोंदवही. नमुना आठ, घरपट्टीची वही. कुठं अक्षर अडलं की थांबायच्या. एक तरुण पोरगा मागून हसला तर हंसाबाईनं वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेरच गेला. कपाटाच्या किल्ल्या, दोन. लाउडस्पीकर, एक, नादुरुस्त. राष्ट्रध्वज, एक. अर्धा तास झाला असेल. कोणी कंटाळलं नाही.

"सरपंचाचा शिक्का, एक," विमलताईंनी वाचलं.

टेबलावर शिक्का नव्हता. खोलीत कोणी हललं नाही. विमलताईंनी मान वळवली नाही, यादीवरची नजर काढली नाही. फक्त डावा हात बाजूला केला, तळवा वर करून. हात तसाच राहिला. बादल काहीतरी बोलायला गेला तर रंजितानं त्याचं मनगट धरलं.

मग नानाजींनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. शिक्का त्यांनी रुमालात बांधलेला होता. गाठ सोडायला वेळ लागला. शिक्का त्यांनी बायकोच्या तळव्यावर ठेवला, आणि मग न मागता कुलपाची किल्लीही.

विमलताईंनी दोन्ही यादीशेजारी ठेवलं. "हे कुलूप आमच्या घरचं हाय," त्या म्हणाल्या, "ते यादीत नोको." मग सही केली, पुरी. उठून बाजूला झाल्या. "बस, रंजिता."

रंजिता लगेच बसली नाही. ती टेबलाला वळसा घालून कपाटापाशी गेली आणि नानाजींच्या पाया पडायला वाकली. नानाजींनी पाय मागं घेतला. ती वाकलेली तशीच राहिली, मग सावकाश सरळ झाली. नानाजी कुणाकडे न पाहता माणसांतून वाट काढत बाहेर पडले.

शुक्रवारी पोलीस आले नाहीत.

नानाजी बारा दिवस विमलताईंशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, ताटाकडे पाहून जेवायचे, उठायचे. काही हवं असलं तर स्वतः घ्यायचे आणि मीठ सापडलं नाही तर बिनमिठाचं खायचे. दीर पुंडलिकराव पुसदहून येऊन विमलताईंना बरंच बोलून गेले. घराण्याची शोभा केली, म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा दिला. मुलगी सुरभी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, बरं केलंस," पण बाबांना फोन दे म्हणायला तिचाही धीर झाला नाही.

सकाळी नानाजी उठायचे, आंघोळ करायचे, पांढरा सदरा घालायचे आणि खाटेवर बसायचे. दहा वाजले की उठून फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. विमलताई भाकरी टाकताना पाहायच्या. एकदा त्यांना वाटलं, आपण चुकलो. दुसऱ्या दिवशीही वाटलं. तिसऱ्या दिवशी तांड्यावरच्या दोन बाया रंजिताची सही असलेले दाखले घेऊन यवतमाळच्या गाडीसाठी फाट्याकडे जाताना दिसल्या, तेव्हा त्यांना काय वाटलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

तेराव्या दिवशी नानाजी चुलीपाशी येऊन उभे राहिले. हातात वकिलाचा कागद होता.

"एक अर्ज लिहून दे," ते म्हणाले.

विमलताईंनी परातीतून हात काढला. "कायचा?"

"केसमधी लावाले ग्रामपंचायतीतून मतदार यादीची नक्कल पायजे. वकिलानं लिहून देल्लं हाय." थोडं थांबून ते म्हणाले, "अर्ज कसा करतात, मले माहीत नाही. लोकं माह्याकडे आनून देत होते."

विमलताईंनी हात धुतले, कागद आणि पेन घेतलं आणि उंबऱ्यावर बसल्या.

"प्रति," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "प्रति कोन लिहू?"

अंगणात कोंबडी ओरडली. नानाजी तिकडे पाहत होते.

"लिही न," ते म्हणाले. "माननीय सरपंच."

त्यांनी लिहिलं. पुढं अर्जदाराचं नाव, नानाजी गुंडाजी गुल्हाने, राहणार खैरधरा. नानाजींनी कागद दोनदा वाचला, खाली सही केली आणि चौघडी घालून खिशात ठेवला.

विमलताई उरलेल्या वेचणीसाठी बायांना घेऊन निघाल्या तेव्हा साडेदहा झाले होते. रस्ता ग्रामपंचायतीसमोरून जातो. दार सताड उघडं होतं, आतून रंजिताचा आवाज येत होता. बाहेरच्या बाकड्यावर तिघंजण बसले होते. पहिली हंसाबाई, मग तांड्यावरचा एक पोरगा, आणि शेवटी नानाजी, टोपी घातलेले, अर्ज दोन्ही हातांत गुडघ्यांवर धरून.

गोविंदा दाराशी येऊन वाकून म्हणत होता, "नानाजी, तुमी कायले बसले बाहेर? चला न आत."

"असू दे," नानाजी म्हणाले. "नंबर येऊ दे माहा."

सोबतच्या बाया थबकल्या आणि विमलताईंच्या तोंडाकडे पाहू लागल्या. विमलताईंनी पदर डोक्यावर पुढं ओढला आणि चालणं थांबवलं नाही. त्यांनी पाहिलंय हे नानाजींना कळू नये म्हणून त्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेल्या.